महूच्या कबाडीतली तबकडी

नमस्कार मंडळी. ही तबकडी बघा, ७८ आरपीएमची, कडेला टवका उडालाय, लेबलवर डेक्का एवढंच धड वाचता येतं. महूला एका कबाडीवाल्याकडे मिळाली. तो म्हणाला, "किसी मेमसाब की है भैया, ले जाओ." महू म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी, कुठल्यातरी गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून निघाली असणार. इंदूरला घरी येऊन सुई ठेवली तर आधी बराच वेळ नुसती खरखर आणि मग एकदम तिचा आवाज.

व्हेरा लिन. लंडनच्या ईस्ट हॅमची, प्लंबरची मुलगी, जन्म १९१७चा, सात वर्षांची असल्यापासून क्लबांमध्ये गायची. १९३९ला तिचं 'वुई विल मीट अगेन' आलं, म्हणजे पुन्हा भेटू. आपल्याकडे नाही का, घरातून निघताना चुकून 'जातो' म्हटलं की आज्जी आतून ओरडते, "येतो म्हण रे!" तेच आहे बघा ते गाणं. पुढे दुसरं महायुद्ध चालू असताना १९४१ला बीबीसीवर तिचा प्रोग्रॅम सुरू झाला, त्यात ती गाण्यांच्या मधे शिपायांना घरच्यांचे निरोप सांगायची, तुझी बायको बाळंत झाली वगैरे. तर काही बड्या मंडळींना वाटलं की असली रडवी गाणी ऐकून शिपाई ढिले पडतील! आता खंदकात बसलेल्या माणसाला घर आठवायला रेडिओ लागतो होय?

१९४४ला ती एन्सातर्फे निघाली. एन्सा म्हणजे सैन्याच्या करमणुकीची ब्रिटिश संस्था, शिपाई तिच्या नावाची फोड 'दर रात्री काहीतरी भयंकर' अशी करायचे. वय २७, इजिप्त करून भारतात आली आणि कलकत्ता, चितगाव करत थेट बर्मातल्या आराकानच्या जंगलात, जिथे सहसा कुणी गायक जात नव्हतं. सोबत एक पियानोवाला आणि लॉरीवर चढवलेला छोटासा पियानो. आता विचार करा, ती दमट हवा, ते खड्डे, पियानो रोज आणखी बेसूर होणार नाही तर काय. दौरा संपेपर्यंत त्याचं पार भजं झालं होतं. मेकअपही घामाने टिकेना, शेवटी फक्त लिपस्टिक. फोटोत बघा, खाकी शर्ट, खाकी हाफपँट, आणि भोवती हे एवढे शिपाई. स्टेज वगैरे नाहीच. नंतर हॉस्पिटलात जायची, मलेरियावाले, हगवणवाले, सडलेल्या जखमांचा वास, आणि ही खाटेजवळ बसून नुसती गप्पा मारायची. मला विचाराल तर गाण्यापेक्षा हे अवघड.

पण एक गोष्ट सारखी डोक्यात येते. ती जिथे गायला गेली त्या ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीला 'विसरलेली सेना' म्हणायचे आणि त्यातले बहुतेक शिपाई आपलेच होते, हिंदुस्थानी. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपुरात संगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजत होती, पाणी संपत आलेलं, चहूबाजूंनी वेढा. सातारा-रत्नागिरीकडच्या पोरांना 'वुई विल मीट अगेन' ऐकून काय वाटणार? त्यांच्यासाठी वेगळी सोय होती, तिचं नाव फौजी दिलखुश सभा. नाव किती झकास आहे! आपल्याकडचे गाणारे, नाचणारे, नकलाकार त्यातून फौजेसमोर जायचे.

व्हेराला १९८५ला बर्मा स्टार मिळाला, म्हणजे बर्माच्या लढाईचं ब्रिटिश पदक. २००९ला, ९२व्या वर्षी, तिचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला, आणि २०२०च्या जूनमध्ये ती गेली, १०३ वर्षांची होऊन. तिचं सगळं जपलंय, फोटो, तबकड्या, मुलाखती.

मागच्या रविवारी मी परत महूला गेलो. कबाडीवाल्याला विचारलं, फौजी दिलखुश सभेतल्या कुणाची एखादी तबकडी, एखादा कागद, काहीही आहे का? तो चहा ढवळत होता, मान वर न करताच म्हणाला, "वो क्या होती है भैया?"