पोटातली लाट

[दृश्य : दोनापावलचा कडा, सकाळ. वारा पडलेला.]

एका अंगाला मांडवीचं मुख, दुसऱ्या अंगाला जुवारी. समोर अरबी समुद्र, अगदी निवांत. आज आपल्याला जी लाट मोजायचीय, ती याच पाण्याच्या पोटात आहे. कड्यावर दिवसभर बसलात तरी दिसायची नाही.

[दृश्य : देवळातली काचेची हंडी, जवळून.]

ही हंडी बघा. खाली पाणी, वर तेल, त्यात वात. हंडी जराशी झुलवली की तेलाचा माथा जेमतेम हलतो, पण तेल जिथं पाण्याला टेकतं तिथं मोठी, आळसावलेली लाट उठते. १७६२ साली बेंजामिन फ्रँकलिननं जहाजात टांगलेल्या अशाच दिव्याबद्दल लिहून ठेवलंय : वर तेल शांत, खाली पाण्यात खळबळ.

समुद्रातही वर उन्हानं तापलेलं हलकं पाणी, खाली गार आणि जड. वजनातला फरक हजारात दोन-चार भाग, बस्स. त्यामुळे गार पाणी वर उचलायला फारसं बळ लागत नाही. किनाऱ्यापासून दूर, जिथं उथळ तळ संपून खोल उतार सुरू होतो, तिथं भरती-ओहोटीचं पाणी दर १२ तास २५ मिनिटांनी त्या उतारावर चढतं-उतरतं आणि हे थर हलवतं. मुरगावच्या धक्क्यावर भरतीचा फरक दोनेक मीटर. पोटातली लाट दहा-वीस मीटर सहज उठते. अंदमानच्या समुद्रात ती ८० मीटरपर्यंत मोजली गेलीय!

[दृश्य : जहाजाचा डेक. दोर, तरंगते गोळे.]

मोजायची कशी? आजाऱ्याचा ताप बघतो तशी. एका लांब दोरावर ठरावीक अंतरानं तापमापक बांधायचे, खाली जड नांगर, वर तरंगते गोळे. नांगरासाठी कुठे कुठे आगगाडीची जुनी चाकंही वापरतात. लाट वर आली की तापमापकाला गारवा लागतो, उतरली की ऊब. सोबत ध्वनीचे ठोके सोडून प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र.

घाई इथं महागात पडते. रोज सकाळी ८ वाजता एकदाच तापमान घेतलं, तर दिवसाला दोनदा येणारी लाट कागदावर जवळपास १५ दिवसांची होऊन बसते. साफ खोटी! म्हणून तापमापक दर काही मिनिटांनी नोंद घेतात, महिनोन् महिने. जहाजावरूनच मोजायचं असेल, तर निदान २५ तास एकाच जागी थांबून तापमान घेणारं यंत्र सतत खाली-वर करत राहायचं. रात्रपाळीवाल्यांना विचारा.

कधी ट्रॉलरचं जाळं दोरात अडकतं. जाळं मच्छीमाराचं जातं, नोंदी आमच्या.

[दृश्य : पहाटेचा समुद्र.]

महिन्यांनंतर दोर परत काढायचा, म्हणून जहाजावरून ध्वनीचा इशारा जातो. तळाशी दोराला नांगराशी जोडणारी कडी सुटते. नांगर तिथंच राहतो, आणि थोड्या वेळानं शेवाळ-शिंपल्यांनी भरलेला पिवळा गोळा पाण्यावर येतो.

“आला, आला! डावीकडे!”