कालपर्यंत तर बरे होते

नमस्कार श्रोतेहो.

तापात कुणी असंबद्ध बोलू लागलं की आपल्याकडे म्हणतात, ‘वातात बडबडतायत’. आणि पार्किन्सन्सला आपण म्हणतो कंपवात. नावात दोन्हीकडे वात असला तरी हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. आज बोलायचं आहे ते कंपवात असलेल्या वयस्कर माणसाला असा ‘वात’ होतो त्याबद्दल. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात.

कंपवात वाढतो तो महिन्या-वर्षांच्या चालीनं. डेलिरियम येतो काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत. सोमवारी पेपर वाचणारे आजोबा बुधवारी नातवाला ओळखेनासे झाले, तर ती कंपवाताची पुढची पायरी नव्हे. शरीरात काहीतरी नवं बिघडलंय, आणि ते त्याच दिवशी शोधायला हवं. म्हणून ‘कालपर्यंत तर बरे होते’ हे घरच्यांचं वाक्य दवाखान्यात फार मोलाचं ठरतं. ते न विचारता सांगा, आणि केव्हापासून बदल झाला ती वेळही सांगा.

डेलिरियमचं एक रूप गोंगाटाचं. रात्री उठून ‘मला घरी जायचंय’ म्हणणं, सलाईन उपटणं, अंगावर धावून जाणं. हे कुणाच्याही लक्षात येतं. दुसरं रूप गप्प असतं, आणि कंपवातात तेच हमखास निसटतं. कारण चेहरा आधीच भावहीन झालेला, आवाज बारीक, हालचाल मंद. त्यात माणूस आणखी गप्प झाला तर कुणाला काय वेगळं वाटणार? मग पाहायचं काय? घास तोंडात तसाच राहतो, चावायचं विसरतात. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत डोळे मिटतात. आणि हातांकडे बघा. कंपवाताचा कंप एका तालात असतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, हात मांडीवर निवांत असताना. डेलिरियममधली बोटं मात्र काहीतरी ‘करत’ असतात: चादरीचा काठ चिवडतात, हवेतला न दिसणारा दोरा ओढतात.

हा गोंधळ दिवसभर सारखा नसतो. डॉक्टर सकाळी राउंडला येतात तेव्हा माणूस नीट उत्तरं देतो, आणि दिवेलागणीला पुन्हा तेच सुरू. अशा वेळी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवा. वर्णनापेक्षा ते जास्त कामाला येतं.

घरी करण्यासारखी एक छोटी तपासणी आहे. चार प्रश्न विचारा: वय किती, जन्मतारीख कोणती, आपण आत्ता कुठे आहोत, साल कोणतं. मग डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगा. सात महिने बरोबर आले तर लक्ष बऱ्यापैकी जागेवर आहे. इंग्रजी महिने कधी पाठच नसतील, तर फाल्गुनापासून उलटं चैत्रापर्यंत यायला सांगा. कंपवाताच्या गोळीचा असर चालू असताना विचारा आणि थांबा, कारण कंपवातात उत्तर उशिरानंच येतं. उशीर होऊनही जो माणूस पोचतो तो नुसता सावकाश आहे, गोंधळलेला नाही. जो ऑक्टोबरपाशी थबकून खिडकीकडे बघू लागतो आणि आपण काय म्हणत होतो हेच हरवून बसतो, त्याच्याबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

एक फरक इथेच सांगून टाकते. कोपऱ्यात मूल बसलेलं दिसतं, भिंतीवर किडे दिसतात, पण तारीख, वार, माणसं सगळं ठीक आहे आणि हे काही आठवड्यांपासून चाललंय, तर ते डेलिरियम नव्हे. कंपवातात असे भास एरवीही होतात. तेही डॉक्टरांना सांगायचे, पण धावपळ नको.

आता कारणं. लघवीचा संसर्ग, छातीत कफ, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, चार-पाच दिवस न झालेली शौचास. म्हातारपणी संसर्गात ताप येईलच असं नाही. कंपवातात गिळणं बिघडलेलं असतं, त्यामुळे पाण्याचा घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. आणि पडणं! डोक्याला मार लागून महिना झाला असला तरी सांगा, कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत जातं. लघवीच्या तपासणीबद्दल एक सावधगिरी: वयस्कर माणसांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. रिपोर्टमध्ये जंतू आले म्हणून कारण सापडलं, असं धरून बाकीचा शोध थांबवू नये.

औषधं हे तर फार मोठं कारण. कंपासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल ही जुनी गोळी साठी-सत्तरीनंतर मेंदूला फार जड जाते. लघवी रोखायची ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठी अल्प्राझोलॅम ही सगळी त्याच वाटेवरची. गेल्या पंधरा दिवसांत कोणती गोळी नवी आली किंवा कोणती वाढली, हा प्रश्न म्हणूनच आधी. कंपवाताच्या गोळ्या कमी करायच्याच झाल्या तर डॉक्टर साधारणपणे ट्रायहेक्सिफेनिडिल आणि अमँटाडिनपासून सुरुवात करतात, पुढे प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्यांकडे वळतात, आणि लिव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य औषधाला हात लावतात तो शेवटी. घरच्यांनी मनानं एकही गोळी बंद करू नये.

इस्पितळात दोन चुका जिवावर बेततात. पहिली, लिव्होडोपा बंद पडणं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं, ‘तोंडानं काही नाही’ अशी चिठ्ठी लागली आणि त्यात ही गोळीही गेली. एकाएकी लिव्होडोपा तुटला की अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप भडकतो, शुद्ध हरपते. प्राणही जातो. त्यामुळे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा, सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर देता येईल का? गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून देता येते. मात्र नावापुढे ‘सीआर’ असलेली, हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नाही; तिच्याऐवजी साधी गोळी किती, हे डॉक्टर ठरवतील. शिवाय वॉर्डाच्या गोळ्या आठ-दोन-आठ वाजता असतात. तुमच्या माणसाच्या वेळा सात, साडेदहा, दोन, साडेपाच, नऊ असतील तर त्या मोठ्या अक्षरात लिहून खाटेला अडकवा. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या संस्थेनं यासाठी मोहीमच चालवली आहे: ठरल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत गोळी मिळालीच पाहिजे. आपल्याकडे तो आग्रह नातेवाइकांनाच धरावा लागतो.

दुसरी चूक हॅलोपेरिडॉल. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाला शांत करायला सर्रास दिलं जाणारं हे इंजेक्शन मेंदूतलं डोपामिनचं काम अडवतं. कंपवातात डोपामिन मुळातच कमी, म्हणजे उरलंसुरलंही गेलं. ओलान्झापिन आणि रिस्पेरिडॉनचीही तीच गत. औषध द्यावंच लागलं तर क्वेटियापिन, तेही साडेबारा मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेपासून. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिनही नको. ऑन्डॅन्सेट्रॉन चालतं, डॉम्पेरिडोनही चालतं, पण आधी ईसीजी पाहून.

खाटेपाशी तुम्ही काय कराल? चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आधी घाला. ऐकू न येणारा माणूस गोंधळलेलाच दिसतो. घड्याळ नजरेसमोर, रात्री मंद दिवा. पाळीपाळीनं बसायचं तर ओळखीच्याच दोघा-तिघांनी. हात बांधू देऊ नका, त्यानं झटापट वाढते. ‘भिंतीवर मुंग्या आहेत’ म्हणाले तर वाद घालू नका. ‘मला नाही दिसत, पण मी इथेच आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पाणी घोट-घोट, पाठ ताठ बसवून. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. लघवीची नळी नक्की हवी आहे का, हे रोज विचारा.

कारणावर उपाय झाला तरी गोंधळ त्याच दिवशी सरत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, आणि चालणं पूर्वीइतकं परत येईलच असंही नाही. घरी सोडताना मिळालेला कागद तेवढा नीट वाचा. इस्पितळात झोपेसाठी सुरू केलेली गोळी त्यात तशीच पुढे चालू राहिलेली असते. आणि पित्ताच्या कॅप्सूलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत पाहा. शेवटी ‘एल’ किंवा ‘एलएस’ असेल तर तिच्यात बहुधा लिव्होसल्पिराइड असतं. तेही डोपामिन अडवतं. औषधवाल्याकडून घटक वाचून घ्या, आणि ते निघालं तर पहिली कॅप्सूल देण्याआधी डॉक्टरांना फोन करून बदलून मागा.

नमस्कार.