एकटा रिसेप्टर काही करत नाही

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय लांबलचक छापलाय: ‘ग्रोथ फॅक्टर प्रथिनांची रचना आणि पेशीवरच्या रिसेप्टरचं सक्रिय होणं’. त्याकडे येतोच, पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन, आणि रिसेप्टर म्हणजे त्याला पकडून निरोप आत पोचवणारं पेशीवरचं प्रथिन. आपल्या पाठ्यपुस्तकांत रिसेप्टरचं एक ठरलेलं चित्र असतं. बाहेरून किल्ली येते, कुलपात बसते, पेशीचं दार उघडतं. ही कुलूप-किल्ली एमिल फिशरने १८९४मध्ये एन्झाइमांसाठी आणली आणि तिथे ती उपयोगीही पडली. ग्रोथ फॅक्टरला मात्र ती लावली की मुलांना वाटतं, बसलं म्हणजे काम झालं. बसणं वेगळं आणि जागं करणं वेगळं. आज मला एवढंच पटवून द्यायचंय.

त्यासाठी उंदराच्या पिलांची गोष्ट सांगतो. ती मी कुठेही सांगतो, कारण जीवरसायनशास्त्रात इतकी सुंदर गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही.

१९५०च्या दशकात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रीटा लेव्ही-माँताल्चिनी काम करत होत्या. मूळच्या इटलीतल्या तुरिनच्या. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यूंना विद्यापीठं बंद झाली, तेव्हा या बाईंनी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटून कोंबडीच्या भ्रूणांवर काम चालू ठेवलं होतं. पुढे अमेरिकेत त्यांना दिसलं की उंदराच्या कर्करोगाच्या एका गाठीतून असं काही पाझरतं, ज्याने चेतापेशींना भराभर तंतू फुटतात. ते नेमकं काय, हे शोधायला जोडीला आले स्टॅनली कोहेन. त्यात न्यूक्लिक आम्ल (डीएनए-आरएनए) असेल तर ते नष्ट व्हावं म्हणून कोहेननी अर्कात सापाचं विष घातलं, कारण विषात ते तोडणारं एन्झाइम असतं. झालं उलटंच! परिणाम कित्येक पटींनी वाढला. त्या विषातच हा घटक भरपूर होता. मग विचार असा, की सापाची विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीच. तर उंदराच्या लाळग्रंथीत पाहू. प्रौढ नर उंदराच्या लाळग्रंथीत या घटकाचा, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचा, साठाच मिळाला.

आता पुढचा भाग. लाळग्रंथीचा अर्धवट शुद्ध केलेला अर्क नवजात पिलांना टोचला, तर त्यांचे डोळे सातव्या दिवसाच्या आसपासच उघडले. एरवी बारा ते चौदा दिवस लागतात. दातही लवकर आले. खरं सांगा, मज्जातंतूंवर काम करणाऱ्या किती जणांनी याकडे लक्ष दिलं असतं? मागच्या रांगेतले हसताहेत, म्हणजे ते प्रयोगशाळेत काम केलेले दिसतात. कोहेननी लक्ष दिलं. शुद्ध केलेल्या नर्व्ह ग्रोथ फॅक्टरने डोळे लवकर उघडत नव्हते, म्हणजे अर्कात दुसरंच काही होतं. अमेरिकेतल्याच नॅशव्हिलला गेल्यावर त्यांनी ते वेगळं काढलं आणि १९६२मध्ये प्रसिद्ध केलं. तेच एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. १९८६चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. निकालात न बसणारं निरीक्षण फेकून न देणं, हे विज्ञानातलं माझं सगळ्यात आवडतं धाडस आहे. असो, यावर मी तासभर बोलेन.

ईजीएफ अगदी छोटं: ५३ अमिनो आम्लांची साखळी. त्यात सहा सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं, असतात आणि त्यांच्या गंधक-अणूंच्या तीन जोड्या जमतात: पहिला तिसऱ्याशी, दुसरा चौथ्याशी, पाचवा सहाव्याशी. या तीन बंधांमुळे साखळीला तीन वेढे पडतात. बंध सोडवले की अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो, पण काम थांबतं. म्हणजे जे काही आहे ते आकारात आहे.

आणि रिसेप्टर? लांब प्रथिन, पेशीपटलातून फक्त एकदाच आरपार जाणारं. बाहेरचा भाग ईजीएफ पकडतो, आतल्या भागात टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम, म्हणजे किनेज, असतं. मधे जेमतेम एक सर्पिल, मळसूत्रासारखा वळलेला साखळीचा तुकडा. इथे खरं कोडं आहे. बाहेर छोटंसं प्रथिन चिकटलं, हे एवढ्याशा सर्पिलातून आत कळतं कसं?

१९७९चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. सायनोजेन ब्रोमाइड या रसायनाने ईजीएफची साखळी एका ठिकाणी तोडली. असं ईजीएफ रिसेप्टरवर बसायचं, पण पेशी ढिम्म. मग ईजीएफला दोन हातांनी धरणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) घातली आणि पेशी विभागायला लागल्या! प्रतिपिंडांनी केलं काय? फक्त शेजारचे रिसेप्टर एकमेकांजवळ आणले. म्हणजे जागं व्हायला रिसेप्टरांची जोडी जमावी लागते.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता पळत सांगावा लागणार.

ईजीएफ दोन रिसेप्टरांच्या मधे बसत असेल, असं बऱ्याच जणांना वाटायचं. २००२मध्ये प्रथिनांचे स्फटिक करून शोधलेल्या रचना आल्या आणि दिसलं की ते जोडीच्या मधे नाहीच. दोन्ही बाहेरच्या बाजूंना एकेक आहे. रिसेप्टरच्या बाह्यभागाचे चार खंड. एरवी दुसऱ्या खंडाचा पुढे आलेला भाग चौथ्यात अडकून दडलेला असतो. ईजीएफ पहिल्या आणि तिसऱ्या खंडाला एकत्र धरतं, त्यासाठी रिसेप्टरला ताठ व्हावं लागतं, दडलेला भाग मोकळा होतो आणि दुसऱ्या रिसेप्टरला जाऊन भिडतो. आत एक किनेज दुसऱ्याला टेकून त्याला चालू करतं. हे २००६मध्ये कळलं. हर-टू नावाचा या रिसेप्टरचा भाऊबंद कायम ताठच, म्हणजे जोडीला तयारच असतो, त्याला स्वतःचा असा ग्रोथ फॅक्टर लागत नाही. म्हणून स्तनाच्या काही कर्करोगांत त्याची संख्या वाढणं इतकं घातक ठरतं.

रिसेप्टरांच्या प्रत्येक घराण्याची तऱ्हा निराळी. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर स्वतःच जोडीने येतं. इन्सुलिनचा रिसेप्टर आधीपासून जोडलेलाच असतो, तिथे फक्त मांडणी बदलते. ग्रोथ हॉर्मोनच्या एकाच रेणूला दोन वेगळ्या बाजू असतात आणि प्रत्येक बाजू एकेक रिसेप्टर धरते. हॉर्मोन फार जास्त झालं तर प्रत्येक रिसेप्टरवर वेगळा रेणू बसतो आणि काम मंदावतं. किल्ल्या वाढवल्यावर कुलूप उघडेनासं झालं, हे त्या चित्रातून समजावून दाखवा! दुसरी बाजू मुद्दाम बिघडवली की तेच हॉर्मोन अडथळा बनतं. ग्रोथ हॉर्मोन फार वाढल्याने होणाऱ्या ॲक्रोमेगली या आजारावरचं पेगव्हिसोमँट हे औषध याच विचारातून आलं.

शेवटचा मुद्दा, संयोजकांची क्षमा मागून. ईजीएफच्या रिसेप्टरवर बसणारी सात प्रथिनं आहेत. त्यांतल्या एपिरेग्युलिन आणि एपिजेनने जमणारी जोडी सैल असते. २०१७मध्ये दिसलं की या सैल जोडीचा संदेश कमी होण्याऐवजी जास्त वेळ टिकतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना ईजीएफ दिलं तर त्या विभागत राहतात, एपिरेग्युलिन दिलं तर विभेदनाकडे, म्हणजे ठरावीक कामाची पेशी बनण्याकडे, वळतात. रिसेप्टर तोच, आतलं किनेज तेच. फरक फक्त बाहेरच्या प्रथिनाने जोडी किती घट्ट बांधली याचा.