रोबोटिक्सचं प्रोफेसर व्हायचंय? आधी तो रोबोट बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की आज त्याचा निकाल लावतोच. "सर, रोबोटिक्समध्ये प्रोफेसर व्हायचंय, कुठला रोबोट बनवू?"

पायऱ्या आधी भराभर सांगतो, त्यात गुपित काही नाही. पदवी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, कशातलीही चालते. मग पीएचडी, बहुतेकदा पोस्टडॉक (पीएचडीनंतरची काही काळाची संशोधनाची नोकरी), मग सहायक प्राध्यापक आणि तिथून वर. झालं.

आता खरी गोम. रोबोट नंतर येतो हो, आधी प्रश्न लागतो.

रोबोट संशोधक मार्क रेबर्ट यांचंच बघा. १९८० मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी लेग लॅब, म्हणजे पायांवर चालणाऱ्या रोबोटांची प्रयोगशाळा, सुरू केली आणि बनवला काय, तर एका पायावर टुणटुण उड्या मारणारा रोबोट. एकच पाय का? कारण प्रश्न होता तोलाचा. चार पाय लावले की कुठला कधी उचलायचा ही वेगळीच कटकट मागे लागते. मग त्यांनी तोलाचेही तीन तुकडे पाडले. उडीची उंची पायाच्या रेट्याने सांभाळायची, वेग पाऊल कुठे टाकतो त्यावरून, आणि रोबोटचं धड सरळ करायचं ते पाय टेकलेला असताना, खुब्यातून. हीच युक्ती पुढे दोन आणि चार पायांना लागू पडली. १९८६ ला लॅब एमआयटीत गेली, १९९२ ला त्यांची बोस्टन डायनॅमिक्स ही रोबोट कंपनी निघाली. तिच्या रोबोटांचे तुम्ही मला रोज पाठवता ना ते व्हिडिओ, त्यांची सुरुवात ही अशी!

माझी फजिती सांगू? पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा रोबोटिक हात स्टीलचा मग उचलायचा. व्हिडिओ झकास झाला. सादरीकरणात एका सरांनी शांतपणे विचारलं, "कितव्या प्रयत्नात?" सतराव्या. मी नुसता घाम पुसत उभा. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी नंतर एक वही हातात दिली: तो मग पडला की लिहायचं, उजेड कुठून होता, कोन काय होता. दोन महिने पडझड लिहिल्यावर कळलं, चकचकीत भागावर डेप्थ कॅमेऱ्याला (अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याला) अंतरच धड कळत नव्हतं. माझा पहिला पेपर त्या पडलेल्या मगांचा आहे, उचललेल्याचा नाही.

नोकरीच्या मुलाखतीतही तेच. समिती डेमो बघते, मान डोलावते आणि विचारते, "पुढची पाच वर्षं कशाच्या मागे लागणार?" तिथे "सहा पायांचा रोबोट" हे उत्तर दिलंत की संपलं. मोटर जुनी होते, बोर्ड बंद पडतो, पण विद्यार्थ्यांना आणि अनुदानाच्या अर्जाला रोज उठून पुरेल असा प्रश्न लागतो. आणि अर्ज लिहिण्यात जाणारा वेळ? त्यावर बोलायला लागलो तर व्हिडिओ दोन तासांचा होईल.

एकाने लिहिलंय, "त्यापेक्षा कंपनी बरी." काढा की! रॉडनी ब्रुक्स यांनी एमआयटीत शिकवत असतानाच १९९० मध्ये दोघांसोबत आयरोबोट ही रोबोट कंपनी काढली. दोन्ही होतं.

तेव्हा खाली रोबोटचं नाव नको. तुमचा प्रश्न लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला. आणि "सर, मागचं शेल्फ आवरा" म्हणणाऱ्यांनो, तो पोचे आलेला मग दिसतोय ना? तोच तो. तिथून हलणार नाही.