थैलीच्या कडेला पडून राहिलेला डॉलर

पडद्यावर सावकाश फिरणारे हे नाणे दुर्मीळ म्हणावे असे नाही. १८८१ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत असे सव्वा कोटीहून अधिक चांदीचे डॉलर पाडले गेले आणि त्यांतील पुष्कळसे आजही कोऱ्या अवस्थेत मिळतात. तरीही ज्याची पांढरी, लखलखीत प्रत शंभर-दोनशे डॉलरांत विकत घेता येते, त्याच नाण्याच्या अशा, काळाच्या ओघात पृष्ठभागावर रंग चढलेल्या प्रतीसाठी लिलावात हजारो डॉलर मोजणारे संग्राहक आहेत.

या रंगांचे मूळ १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यापर्यंत जाते. दरमहा २० ते ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन या कायद्याने सरकारवर घातले. शिक्का घडवला जॉर्ज मॉर्गन यांनी, म्हणून नाण्याला त्यांचेच नाव पडले. खिशात जड होणारे हे नाणे लोकांनी फारसे वापरले नाही. ते हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून तळघरांत रचले गेले. एका थैलीचे वजन सुमारे २७ किलो होते. १९१८ च्या कायद्यानंतर त्यांतील २७ कोटी नाणी वितळवली गेली. उरलेल्या थैल्यांपैकी कित्येक थेट १९६० नंतर उघडल्या, आणि १९६४ मध्ये सरकारने नोटांच्या बदल्यात हे डॉलर देणे बंद केले.

आता हा भाग जवळून पाहा. येथे विणीची बारीक जाळी उमटलेली दिसते, कारण हे नाणे वर्षानुवर्षे थैलीच्या कापडाला टेकून होते. कापडातील गंधक आणि हवेतील दमटपणा यांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढत गेला. शेजारच्या नाण्याने जेवढा भाग झाकला तेवढा पांढरा राहिला, म्हणून कडेला ही चंद्रकोर. थैलीच्या मध्यभागी असलेल्या नाण्यांना यातले बहुधा काहीच लाभले नाही.

थराला स्वतःचा निळा वा जांभळा रंग नसतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून रंग दिसतो. पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतो तसाच. थर जाड होत जातो तसे फिकट सोनेरी, किरमिजी, निळा, मोरपंखी असे रंग क्रमाने येतात, पुढे पुन्हा पिवळा, गुलाबी आणि हिरवा येतो, आणि अखेरीस काळपटपणा. मात्र या रंगांखाली टांकसाळीची मूळ झळाळी शाबूत असावी लागते. ती गेली असेल, तर रंग मळकट दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांचा ठसा ठसठशीत आणि चमक दांडगी, म्हणून तेथील रंगीत डॉलरांना विशेष मागणी.

असे थर कैक दशके डाग समजून धुतले गेले, ही या छंदातील मोठी हानी होय. थायोयुरिया आणि आम्ल यांच्या द्रावणात नाणे क्षणभर बुडवले की ते पांढरे होते, पण थरासोबत चांदीचाही सूक्ष्म पापुद्रा जातो आणि वारंवार बुडवल्यास झळाळी कायमची मरते. (आपल्याकडे जुना रुपया चिंचेने घासणाऱ्यांनीही हे ऐकावे.) धुतलेल्या नाण्यावर पुन्हा तीच रंगसंगती कधीच येत नाही, आणि कोणत्याही दोन नाण्यांचे रंग सारखे नसतात. संग्राहक किंमत मोजतो ती या एकमेव प्रतीची. साल आणि टांकसाळ सामान्य असली, तरी हे विशिष्ट नाणे दुसरीकडे मिळणार नसते.

उष्णता आणि रसायने वापरून बनावट रंगही चढवले जातात. १९८६ आणि १९८७ साली सुरू झालेल्या पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांचा अस्सलपणा व दर्जा तपासणाऱ्या संस्था संशयास्पद रंगाच्या नाण्यांना नियमित श्रेणी नाकारतात. तरीही काहींची फसवणूक होते, आणि अस्सल नाणे घेणाऱ्यालाही विक्रीच्या वेळी तितकाच भारावलेला ग्राहक सापडला नाही, तर मोठा तोटा सोसावा लागतो.