हे कुठल्या टीमकडून खेळायचे?

मंडळी, तिळगूळ वाटून झालाय, मसालेभाताचा वास पण सुटलाय, तरी पाच मिनिटं द्या, महिनाभर मनात घोळतंय ते बोलतो.

डिसेंबरात आम्ही नाशिकला होतो. सकाळी बाबा, मी आणि लेक गोल्फ क्लबवर फिरायला गेलो. तिथलं नाव तिनं अक्षर अक्षर जुळवून वाचलं, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि विचारलं, "आजोबा, हे कुठल्या टीमकडून खेळायचे?"

बाबा घरी येईपर्यंत गप्प. चहा ओतताना मला म्हणाले, "तिची काय चूक? अकरा वर्षांची झाली पोर, तू एकदा तरी सांगितलंस?" मी आवाज चढवला, इकडची शाळा, माझ्या शिफ्टा, काय काय बोललो. पण खरं सांगू, लहानपणी मी रोज त्याच मैदानावर खेळलो आणि आम्ही पोरंसुद्धा 'गोल्फ क्लब'च म्हणायचो.

दुपारी बाबांनीच सांगितलं तिला. बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली त्याचा राग, कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाला विजयानंद नाट्यगृहात नाटक ठेवलेलं, २१ डिसेंबर १९०९, तिथे कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे तिघांनाही फाशी. कान्हेरे अठरा वर्षांचे. लेकीच्या हातात चिक्कीचा तुकडा होता, तो तसाच राहिला. "अठरा म्हणजे आपल्या दादाएवढे? त्यांच्या आईला माहीत होतं का?"

आज ३० जानेवारी. शाळेत अकराला सगळे जागच्या जागी उभे राहायचो, आठवतंय ना? आपल्या आजच्या कार्यक्रमात हळदीकुंकू बसलं, उखाणे बसले, लकी ड्रॉ बसला, दोन मिनिटं मात्र कुठेच बसली नाहीत. कमिटीत मीही आहे, मलाही सुचलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतंय.

परवा झोपताना तिनं पुन्हा विषय काढला. म्हणाली, गांधीजींना गोळी घातली म्हणून आपण उभे राहतो, आणि ह्यांनी गोळी घातली, तर ह्यांच्यासाठीपण उभं राहायचं का? मी हो म्हणालो, पण का ते मला तिला धड सांगता येईना, मराठीतही नाही आणि तिच्या इंग्रजीतही नाही. ती वाट बघत बघत झोपली. तुमच्यापैकी कुणी घरी पोरांशी हे बोललं असेल तर जेवताना माझ्या शेजारी बसा.