लाकडाला टेका हवा

नमस्कार श्रोतेहो. मंगल कार्यालयामागे, वखारीत, धाब्यावर लाकूड फोडायचं एक घडवून घेतलेलं यंत्र दिसतं. मोटर, पट्टा आणि आटे पाडलेला लोखंडी शंकू. टोक लाकडात शिरतं, आटे ओंडका ओढून घेतात आणि तो उभा चिरतो.

या शंकूचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. 1973 साली तेल महागलं आणि अमेरिकेतली कितीतरी घरं पुन्हा लाकडाच्या शेगडीकडे वळली. त्या दशकात तिथे असा शंकू विकायला आला, तो चक्क मोटारगाडीला लावायचा! मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, तिथे शंकू बोल्टांनी आवळायचा, इंजिन चालू करून गाडी गिअरमध्ये टाकायची. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं, म्हणून डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा फिरता जोर दोन मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी, उचललेल्या बाजूला दुप्पट वेग देतो. चावी स्टिअरिंगपाशी, माणूस मागे शंकूपाशी! ओंडक्याचं एक टोक जमिनीला टेकलेलं असेल तोवर ठीक. आखूड ओंडका टेकत नाही; तो शंकूबरोबर गरगर फिरतो आणि गुडघ्यावर, बरगड्यांवर आदळतो. गाठीचं लाकूड अडकलं की उलटा जोर गाडीवर येतो आणि ती जॅकवरून घसरू शकते. म्हणून जाणती माणसं वायर मागपर्यंत नेऊन इंजिन बंद करायचं बटण हाताशी घेत.

आपल्या यंत्रातही धोका तोच. लाकडाला टेका हवा. शंकूखाली जाड पत्र्याचं टेबल, त्यावर पक्की वेल्ड केलेली पट्टी. ओंडका आधी पट्टीला टेकवा, मगच टोकाला लावा. पुन्हा सांगतो, लाकडाला टेका हवा.

मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांची असेल तर तिला 3 इंची पुली आणि शंकूच्या दांड्याला 15 इंची. फेरे 288 वर येतात. काम उरकायला वेग वाढवू नका. साधं बटण नको, स्टार्टरच लावा, म्हणजे लाईट गेली की सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच. साध्या बटणावर गेलेली लाईट परत आली की यंत्र आपोआप फिरू लागतं. बंद करायचं बटण पायाशी हवं, कारण हात अडकला तर तो बटणापर्यंत पोचत नाही. हातमोजे, पदर, उपरणं जवळ नको. आटे आधी कापड धरतात.

बंबापुरतं जळण पाचर आणि घणानेही निघतं.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने लाकूड फोडणारं यंत्र सावकाश चालतं, पण त्याचा गळका पाइप बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक सर्जनकडे जा, आणि आत तेल गेलंय हे त्यांना आधी सांगा.